राहिलेली गोळी

कळ आली तेव्हा त्याच्या हातात एका बाईचा खालचा जबडा होता. प्लास्टरचा. त्या बाईला त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहणार नव्हता. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, तो त्यांवर मेणात एकेक दात बसवायचा, मग कवळी तयार होऊन डबीतून परत जायची. इतक्या वर्षांत शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हाताखालून गेलं असेल, पण रस्त्यात एकानेही ओळख दाखवली नव्हती. दाखवणार तरी कशी. दाढ मेणात रुतवता रुतवता त्याच्या स्वतःच्या डाव्या बाजूला, धड पाठ नाही आणि धड पोट नाही अशा कुठल्या तरी बेवारशी जागेत, कुणीतरी मूठ आवळली. आधी वाटलं, घाईत खाल्लेलं सँडविच बाधलं. मग ती मूठ पिळायला लागली. त्याने स्पिरिटचा दिवा विझवला, जबडा सांभाळून फळीवर ठेवला, मेणाची सुरी पुसली, आणि मग फरशीवर आडवा झाला. हा माणूस मरतानासुद्धा टेबल आवरून मरेल, असं तिथला कवळ्यांना पॉलिश करणारा सोबती नंतर सगळ्यांना सांगत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फरशी गार होती, तोंडात प्लास्टरच्या धुळीची चव होती. या कुशीवर वळलं तरी तेच, गुडघे पोटाशी घेतले तरी तेच. एरवी अंग चोरलं की दुखणं जरा मागे सरतं, काही तरी तडजोड करतं. या दुखण्याला त्याच्याशी काही देणंघेणंच नव्हतं. शर्ट घामाने भिजला, प्लास्टर कालवायच्या वाडग्यात उलटी झाली, मालक गाडीची किल्ली शोधत इकडून तिकडे धावू लागले, आणि त्या सगळ्या गोंधळात त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: संध्याकाळी अप्पांकडे कोण बघणार.

डॉक्टरांनी पडद्यावर त्याला त्याचंच आतलं दाखवलं. करड्या पसाऱ्यात एक पांढरा ठिपका. मूत्रपिंडातून निघून नळीत उतरलेला आणि नळीच्या खालच्या टोकाशी अडकलेला खडा, डावीकडे. सहा मिलिमीटर. वरच्या बाजूच्या एखाद्या नाजूक दाताची रुंदी, त्याच्या मनात आलं, एवढंसं तर असतं. डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे होते. म्हणाले, चार आठवडे वाट बघू, नाही निघाला तर दुर्बीण घालून काढू. दुखलं तर एक गोळी, भरपूर पाणी, आणि ताप आला तर मात्र वेळकाळ न बघता इकडे यायचं. शिवाय रोज जेवणानंतर एक कॅप्सूल. ही खडा फोडत नाही, विरघळवतही नाही. खडा टोचला की नळी घाबरून आवळून बसते, तिला जरा सैल करायचं, एवढंच हिचं काम. नक्की उपयोग होतो का, असं त्याने विचारलं, तर डॉक्टर हसले. आमच्यातच त्यावर एकमत नाही, म्हणाले. काही अभ्यासांत फायदा दिसला, काही मोठ्या अभ्यासांत हिचा आणि नुसत्या खोट्या गोळीचा निकाल सारखाच आला. तुमच्याएवढा खडा, इतका खाली असेल तर थोडी मदत होत असावी. "घ्या तुम्ही. नाहीतरी वाट बघायचीच आहे, ती काहीतरी करत बघितलेली बरी." उठताना मात्र दमाने उठा, हिने चक्कर येऊ शकते, असंही त्यांनी बजावलं, आणि लघवी गाळून बघायला सांगितलं, कारण निघालेला खडा तपासायला हवा होता. औषधाच्या दुकानात समोर पट्टी आली तेव्हा त्या अवस्थेतही त्याला हसू फुटलं. अर्धी नारिंगी, अर्धी हिरवट कॅप्सूल. म्हातारपणी लघवी अडते म्हणून अप्पा कित्येक वर्षं रात्री जेवणानंतर हीच घेत होते. वडिलांकडून त्याला घर मिळालं नव्हतं, उंची मिळाली नव्हती, आवाज मिळाला नव्हता. हे मिळालं.

अप्पा आयुष्यभर एका दवाखान्यात कंपाउंडर होते. लहानपणी शाळा सुटली की तो थेट तिकडे जायचा आणि औषधाच्या खिडकीच्या आत, बाटल्यांच्या खोक्यावर बसून त्यांचे हात बघायचा. अप्पा ताटलीत गोळ्या ओतायचे, बोथट सुरीने दोन-दोन बाजूला सारायचे, ओठ न हलवता मोजायचे, आणि पुडीची शेवटची घडी घालून झाली की पहिल्यांदा खिडकीपलीकडच्या माणसाकडे मान वर करून बघायचे. बरं वाटेल हं, म्हणायचे. डॉक्टर जे कधी म्हणत नसत ते कंपाउंडर म्हणायचा, आणि लोक त्यावरच निम्मे बरे होऊन घरी जात. घरात एखादी गोळी हातातून निसटली तर अप्पा दिवा लावून, पलंग सरकवून ती शोधून काढत. अन्न टाकलं तर आई रागवायची, औषध टाकलं तर अप्पा. कुणाच्या तरी अंगी लागायचं असतं ते, असं म्हणत. आता त्याच अप्पांना आई गेल्याचं आठवत नव्हतं. ती कुठे गेली असं त्यांनी विचारलं की तो 'येईल' म्हणायचा, आणि ते मान डोलवायचे, आणि त्या मान डोलवण्याने त्याला गलबलून यायचं. न्हाणीघराचं दार आणि जिन्याचं दार त्यांना एकच वाटायचं. फक्त आपण विसरतो, एवढं एक ते कधी विसरत नसत. चूक झाली की चोरासारखे आजूबाजूला बघत. दिवसभर त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी चांगल्या होत्या, पण अप्पा एकदा नुसत्या बनियनवर रस्त्याच्या टोकापर्यंत गेले तेव्हा त्यांनीही हात टेकले. त्यांच्याआधीच्या दोघींनी तर आधीच टेकले होते. त्याचं लग्न टिकलं नव्हतं, घरात दुसरं माणूस नव्हतं. मग दुसऱ्या शहरातल्या ताईने शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी असलेली एक जागा शोधली. तिथे एक खाट रिकामी झाली होती. खाट कशी रिकामी होते हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. पुढच्या महिन्यात अप्पांना तिथे पोचवायचं ठरलं. हे सगळं बोलणं तो गॅलरीत उभा राहून, दार लोटून, फोनवर हळू आवाजात करायचा. अप्पांना यातलं काही ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती.

खड्याचं त्याने ताईला फोनवर सांगितलं. ती काही दगडाच्या काळजाची नव्हती. फोन ठेवल्यावर तिकडे रडत असणार हे त्याला माहीत होतं. ती म्हणाली, अशा दुखण्यात तू एकटा कुठे धावपळ करणार. "तुझा खडा निघेपर्यंत थांबू. मी त्या लोकांना सांगते. तू बरा झालास की मग नेऊ अप्पांना." मालकांनी रजा दिली, वर दात लावायचं काम घरी पाठवतो म्हणाले. तो घरीच असणार म्हणून मावशींनीही येणं थांबवलं. म्हणजे खडा आत होता तोवर तो घरी होता आणि अप्पाही घरी होते. हे त्याला त्या वेळी तितकंसं जाणवलं नाही. जाणवलं ते दुसरी कळ आली तेव्हा, दोन दिवसांनी, सकाळी. अप्पा खुर्चीत बसून शर्टाचं एकच बटण लावत आणि काढत होते. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोसळला आणि गुरासारखा ओरडला. अप्पा उठले. त्यांनी आधी खिडकी लावली, का ते देव जाणे, बहुधा शेजाऱ्यांसाठी. मग पाणी तापवलं, बाटलीत भरलं, टॉवेलात गुंडाळलं, स्वतःच्या मनगटावर लावून बघितलं. गेल्या वर्षभरात ज्या माणसाला गॅस पेटवू दिला नव्हता तो माणूस हे करत होता, आणि त्याला अडवायचं भान याला नव्हतं. गुडघे कुरकुरत अप्पा खाली बसले. त्यांचा तळवा त्याच्या पाठीवर फिरला आणि नेमका त्या जागी थांबला. शेवटची वेदनेची गोळी कधी घेतलीस, त्यांनी विचारलं. पट्टी लांब धरून वाचली, गोळी फोडून त्याच्या जिभेवर ठेवली. आवाज त्या खिडकीतला होता. "श्वास धरून ठेवू नकोस. सोड. सोडायचा, बाळ." त्याने सोडला. पन्नाशीला आलेला, केस पांढरे झालेला तो, बापाच्या मांडीजवळ तोंड नेऊन हमसून रडला, आणि त्यातलं निम्मं रडणं कळेचं नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कळ ओसरली. डोळे उघडले तेव्हा अप्पा शेजारी भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर गरम पाण्याची बाटली होती, आणि ते परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने त्याला विचारत होते, तुम्ही इकडे कुठे उतरलात.

त्यानंतर कळ येई तेव्हा अप्पा येत. दरवेळी. त्यांच्या आत कुठे तरी तो कंपाउंडर अजून खिडकी उघडून बसला होता आणि कुणी कण्हलं की मान वर करून बघत होता. कळ थांबली की खिडकी बंद. मधले दिवसही वाईट नव्हते. खरं म्हणजे इतके चांगले दिवस त्या घरात फार दिवसांनी आले होते. तो टेबलाशी दात लावत बसे. समोर अप्पा सुटे दात रंगाप्रमाणे वेगळे करत, दोन-दोन बाजूला सारत, ओठ न हलवता. खड्यासाठी त्याने चहाची नवी गाळणी आणली होती आणि ओळखू यावी म्हणून तिला लाल दोरा बांधला होता. अप्पांनी एका दुपारी स्वच्छतेच्या झटक्यात तो दोरा काढून टाकला आणि दोन्ही गाळण्या घासून शेजारी शेजारी टांगल्या. तेव्हापासून घरात चहा न गाळताच प्यायला जाऊ लागला, आणि अप्पा तळाची भुकटी दाखवून, ही कुणी शिकवली पद्धत, असं विचारू लागले. तो हसायचा. हसता हसता थांबायचा, कारण ताई रोज संध्याकाळी फोन करून खड्याची चौकशी करत होती, आणि ती खड्याची चौकशी नव्हती हे दोघांनाही कळत होतं. न्हाणीघरात गाळणी रिकामी निघाली की सुटल्यासारखं वाटे. एवढी वर्षं बापाबरोबर राहून त्याला बाप मिळाला नव्हता. रोज सकाळी डबा करून ठेवून निघायचं, रात्री दमून यायचं, कपडे बदलायचे, औषध द्यायचं, झोपवायचं. त्यात अप्पा हे एक काम होतं. आता त्या सहा मिलिमीटरच्या जिवावर तो त्यांचा मुलगा झाला होता. एका रात्री जेवणानंतर नेहमीप्रमाणे त्याने अप्पांची कॅप्सूल त्यांना पाण्याबरोबर दिली, स्वतःची तळहातावर घेतली आणि तशीच बघत राहिला. नळी सैल करते. त्याला सैल करायचं नव्हतं. आणि डॉक्टर तर म्हणालेच होते, त्यांच्यातच एकमत नाही. मग आपण नाही घेतली तर काय मोठं बिघडलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि ती पटली नाही. कचऱ्यात टाकायला हात पुढे गेला आणि मागे आला. कंपाउंडरच्या घरात वाढलेल्या माणसाचा हात होता तो. दोघांच्या औषधांचा एकच पत्र्याचा डबा होता, त्यात पट्ट्यांच्या गर्दीत त्याने ती सुटीच टाकली आणि झाकण लावलं. दुसऱ्या रात्रीही टाकली. तिसऱ्या रात्री लाज थोडी कमी झाली, पण डब्यात डोकावायची तेवढी लाज राहिलीच; पट्टी काढायची तर तो बोटांनी चाचपून काढायचा, झाकणाच्या आडून.

आठवडा होऊन गेला असेल. न्याहारी झाली, अप्पा खुर्चीतून उठले, एक हात टेबलावर ठेवला, 'अरे' म्हणाले, अगदी हळू, कुणी ओळखीचं दिसल्यावर म्हणावं तसं, आणि पडले. आवाज फार मोठा झाला नाही. तरी तो त्याने ऐकला आणि त्याला कळलं की आता काहीही पूर्वीसारखं होणार नाही. डावा पाय वेडावाकडा झाला होता, त्याला हात लावू देत नव्हते. रुग्णवाहिकेत तो त्यांच्या डोक्याशी बसला. बाहेर रस्ता नेहमीसारखा चालला होता, लोक सिग्नलला उभे होते, एक बाई गाडीच्या काचेत बघून केस नीट करत होती. अप्पांचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण डोळे स्वच्छ होते. कुणाचं तरी दुखत होतं म्हणून त्यांच्यातला कंपाउंडर परत आला होता. या वेळी त्यांचं स्वतःचं दुखत होतं. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि जवळ ओढलं.

"मी औषध चुकवलं नाही हं," ते म्हणाले.

तो म्हणाला, "नाही, अप्पा. कोण म्हणतं चुकवलं?"

"रात्रीची गोळी राहायची माझी. सकाळी डब्यात सुटी पडलेली दिसायची. पण मी घेत होतो. रोज, आठवणीने, तू उठायच्या आत." मग गाडीचा एक हेलकावा सोसून ते म्हणाले, "तुला बोललो नाही. म्हटलं, तू ताईला सांगशील, आणि ती मला तिकडे पाठवेल."

रोज रात्री तो स्वतःच्या हाताने त्यांना एक कॅप्सूल देत होता आणि रोज सकाळी ते चोरून दुसरी घेत होते, ही आपलीच विसरलेली, अशा समजुतीने. रक्तदाबाची गोळी वर वेगळीच; उठताना चक्कर येणारच. गॅलरीचं दार लोटून बोललेला शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता आणि धरून ठेवला होता, ज्यांना बायको गेल्याचं आठवत नव्हतं त्यांनी. दोघंही एकच गोष्ट टाळायला धडपडत होते, एकमेकांना न सांगता, एकाच डब्यात हात घालून. एकदा, फक्त एकदा त्याने झाकण उघडून आत बघितलं असतं तर पट्ट्यांमध्ये एकही सुटी कॅप्सूल दिसली नसती. हे आता जन्मभर पुरणार आहे, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं. हॉस्पिटलमध्ये त्याने सगळं सांगितलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघून मान हलवली, लिहून घेतलं, होतं असं घरात, म्हणाल्या. त्यांनी रागावायला हवं होतं. कुणीतरी रागावायला हवं होतं.

खुब्याचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या स्वच्छतागृहात, खडा निघाला. गाळणी नव्हती, मनातही नव्हतं. एक जळजळीत ओरखडा, भांड्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज, आणि भांड्यात पाणी आपोआप सुटत होतं, तेव्हा बघेपर्यंत सगळं वाहूनही गेलं. आठवडाभर औषध न घेता निघाला. घेतलं असतं तर आधी निघाला असता का, की तेव्हाच, की कधीही, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. डॉक्टरांच्यात एकमत नव्हतं आणि त्याचा खडा तर कुठल्याच अभ्यासात नव्हता. अंग मात्र हलकं झालं. त्याची परवानगी न घेता, निर्लज्जपणे, सगळं अंग सुखावलं, आणि बेसिनसमोर उभा राहून त्याला त्या सुखाचा विलक्षण तिटकारा आला. ताई आली होती. तिला त्याने खडा निघाल्याचं सांगितलं, गोळ्यांचंही सांगितलं. जेवलास का, एवढंच तिने विचारलं. पुढचं तिनेच ठरवलं. इथून घरी न्यायचंच नाही, परस्पर तिकडे. तिथे परिचारिका असतात, पाय उचलून बसवणारी माणसं असतात. ते खरं होतं, आणि खोटं असतं तरी वाद घालायला त्याला तोंड नव्हतं.

ऑपरेशनपासून अप्पा कुणालाच ओळखत नव्हते. ताईला सिस्टर म्हणत, त्याला साहेब. मग तेही थांबलं. ज्या दिवशी त्यांना तिकडे हलवायचं होतं त्या दुपारी ते छताकडे बघत पडून होते. भरवलेलं तोंडात तसंच राहत होतं. कवळी काढून ठेवल्यामुळे गाल आत गेले होते, चेहरा कुणाचाही असू शकला असता. ताई कागदपत्रांसाठी खाली गेली होती. तो स्टुलावर बसला होता. अप्पा, त्याने हाक मारली. पुन्हा मारली. मी आलोय, म्हणाला. शेजारच्या खाटेवरचा माणूस वळला, अप्पा वळले नाहीत. आणि मग, काही ठरवलं नसताना, त्याने दोन्ही हात पोटाशी आवळले, कमरेत वाकला आणि कण्हला. सोपं गेलं. अंगाला ते सगळं पाठ होतं, तो पीळ, तो अर्धवट अडकलेला श्वास. आपण काय करतोय हे कळून त्याला स्वतःची किळस आली, तरी तो थांबला नाही, आणखी मोठ्याने कण्हला, कपाळ खाटेच्या कडेला टेकवलं. आधी काहीच झालं नाही. मग वरती चादर हलल्याचा आवाज आला. सुई खुपसलेला, चिकटपट्ट्या लावलेला हात हळूहळू हवेत चाचपत खाली आला, त्याच्या डोक्यावरून, मानेवरून, शर्टावरून पाठीकडे गेला. तो हात उजवीकडे वळला. उजवीकडे कधीच काही नव्हतं. तळवा तिथे टेकला, घट्ट, आणि पुढे-मागे फिरू लागला.

"इथे?" अप्पांनी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "तिथेच."